करपलेल्या भगुन्याला घाई चालत नाही

भगुनं करपलं की घरात पहिली शोधाशोध होते ती तारेच्या घासणीची. वरचं अन्न दुसऱ्या भांड्यात काढलं जातं, मोरीत पाट टाकला जातो आणि खसाखस सुरू होते. अर्धा तास जातो, दंड भरून येतात, नळ सुरूच राहतो, आणि शेवटी तळाशी रुपयाएवढा काळा डाग जागच्या जागी. मग त्या भांड्याची बदली कायमची कुत्र्याच्या भाकरीला किंवा बाथरूममध्ये होते.

माझं सांगणं साधं आहे. करपलेलं भांडं ताकदीनं निघत नाही, भिजवून निघतं. कशात भिजवायचं, किती वेळ आणि कोणत्या धातूला काय चालतं, एवढं कळलं की बाजारातून काही विकत आणावं लागत नाही. लागतं ते सगळं स्वयंपाकघरात असतंच: खाण्याचा सोडा, चिंच, लिंबू, मीठ, आंबट ताक आणि गरम पाणी.

अंबाजोगाईच्या माणसाला हे सांगण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं. धनेगावच्या मांजरा धरणावर आपलीही तहान आहे आणि लातूरचीही. २०१६ साली ते धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. तो उन्हाळा ज्यांनी टँकरच्या रांगेत काढला त्यांना एका भगुन्यावर दोन बादल्या ओतणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. भिजवायला तांब्या-दीड तांब्या पाणी पुरतं. घासताना वाहतं ते पाणी कोणी मोजतच नाही.

आता करपतं म्हणजे नेमकं काय होतं ते बघू, कारण उपाय तिथूनच निघतो. तळाशी दिसतो तो काळा थर म्हणजे कोळसा. कोळसा लिंबानं विरघळत नाही, सोड्यानं नाही आणि साबणानंही नाही. पण हा कोळसा धातूला थेट चिकटलेला नसतो. मध्ये अर्धवट जळलेल्या पिठाचा, साखरेचा, दुधाचा किंवा तेलाचा एक चिकट थर असतो. तो सुटला की वरचा कोळसा पापुद्र्यासारखा उचलून येतो. घासणारा माणूस वरून कोळशाशी झगडत बसतो. भिजवणारा खालचा चिकटा सोडवतो.

म्हणून आधी स्वतःला विचारायचं, लागलं काय होतं? पिठलं, खिचडी, भात, पुरण, वरण हे सगळे पिठूळ पदार्थ. पाण्यात ते फुगतात आणि जागा सोडतात. गुळाचा किंवा साखरेचा पाक लागला असेल तर काम सगळ्यात सोपं. संक्रांतीला तिळगुळाच्या पाकानं कढई काळी झाली की नुसतं पाणी भरून उकळी आणा, साखर आपोआप विरघळते. तिथं घासणीला हात लावायचं कारण नाही. तेलाचं प्रकरण मात्र वेगळं. कढईच्या कडेला जो पिवळट-तपकिरी चिकट थर बसतो तो पुन्हा पुन्हा तापून घट्ट झालेल्या तेलाचा असतो आणि त्याला पाणी लागूच होत नाही. तो काढायला सोडा हवा. आणि बोअरच्या पाण्याचा जो पांढरा थर भांड्यात साठतो तो करपलेलाच नसतो, तो क्षारांचा असतो. तिथं सोडा काही करत नाही, लिंबू करतं.

स्टीलच्या भांड्यासाठी मूळ पद्धत अशी. भांडं आधी निवू द्या. तापलेल्या भांड्यात गार पाण्याची धार सोडली की चर्रर आवाज येतो आणि बरं वाटतं, पण त्यानं बूड फुगतं आणि पुढं ते भांडं शेगडीवर कायम डगमगत राहतं. निवलं की करपलेला भाग बुडून वर दोन बोटं येईल एवढं पाणी घाला. लिटरभर पाण्याला दोन चमचे खाण्याचा सोडा टाका आणि मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. सोडा पाण्यात उकळला की त्यातला काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो, म्हणून गरम पाण्यातला सोडा गार पाण्यातल्यापेक्षा जास्त जोर करतो. उकळताना लाकडी उलथन्यानं तळ हलकेच चाचपून बघा. कडेनं तपकिरी पाणी सुटायला लागतं, मग छोटे काळे तुकडे वर येतात. गॅस बंद करा, झाकण ठेवा आणि रात्रभर विसरून जा.

सकाळी बहुतेक थर उलथन्यानंच निघतो. उरलेल्याला काथ्या किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी पुरे. एवढं करूनही डाग राहिला तर जोर वाढवू नका, तेच पुन्हा एकदा करा. आणि दुसरं एखादं भांडं रांगेत असेल तर हेच सोड्याचं पाणी गाळून त्यात ओता. शेवटी मात्र ते मोरीतच जाऊ द्या, कुंडीत नको. सोड्याचं पाणी मातीला मानवत नाही.

घाई न करण्याची ही रीत आपल्या आचाऱ्यांकडं फार पूर्वीपासून आहे. लग्नाचा मांडव असो की मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवातली पंगत, खिचडीचं मोठं पातेलं रिकामं झालं की हाताखालचा पोऱ्या आधी त्यात बादलीभर पाणी ओततो. खाली जाळ विझत आलेला असतो, त्या निखाऱ्यांवर पातेलं तसंच राहतं आणि पंगती उठेपर्यंत तळ मऊ होतो. मग फावड्यासारखं उलथनं एकदा फिरवलं की काम झालं. शंभर माणसांची भांडी घासायची असतात तेव्हा माणूस ताकद जपायला आपोआप शिकतो. आपण घरी एकाच भांड्यासाठी ती उधळतो.

दूध लागण्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण घरात सगळ्यात जास्त वेळा लागतं ते दूध. दूध तापताना त्यातली काही प्रथिनं घट्ट होऊन तळाला बसतात. त्यांच्यात दुधातली साखर अडकते आणि दुधातला चुनाही. म्हणजे हा थर दोन जातींचा असतो, आणि म्हणूनच नुसत्या साबणाला तो दाद देत नाही. दूध डेअरीतली यंत्रं धुतात तेव्हा आधी गरम अल्कली फिरवतात, पाण्यानं ती धुऊन काढतात आणि मग आम्ल फिरवतात. अल्कली प्रथिनं सोडवते, आम्ल चुना सोडवतं. घरी हेच करायचं. रात्री सोड्याच्या पाण्यात उकळून ठेवा. सकाळी ते पाणी ओतून भांडं विसळा, मग अर्ध्या लिंबाची फोड तळावर फिरवून पाच मिनिटं थांबा. दुधाचा तो पांढुरका, हाताला खरखरीत लागणारा थर निघून जातो.

मुळात दूध लागू नये यासाठी आजीबाईंचा उपाय अजून चालतो: भांड्यात आधी थोडं पाणी घालून ते बुडाला फिरवायचं, मग दूध ओतायचं. पातळ बुडाच्या स्टीलच्या भांड्यात दूध आटवायला ठेवून टीव्हीसमोर बसणाऱ्याला मात्र कोणताच उपाय वाचवू शकत नाही. स्टीलमध्ये उष्णता नीट पसरत नाही, जाळ जिथं लागतो तिथंच साठते. उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम स्टीलच्या दहापटीहून पुढं आहे. म्हणून खीर किंवा बासुंदी स्टीलच्या भांड्यात करायची असेल तर खाली जाड तवा ठेवा. भूम-वाशीकडं खव्याच्या भट्ट्या आहेत, तिथं बघा. दूध आटेपर्यंत माणसाचा हात कढईतून निघत नाही. उलथनं सतत तळ खरवडत राहतं, दुधाला बसायला जागाच मिळत नाही.

ॲल्युमिनियमला सोडा वर्ज्य. हे ठळक लक्षात ठेवा, कारण बहुतेक घरांत मोठी भगुनी आणि कुकर ॲल्युमिनियमचेच असतात आणि ‘सोडा टाकून उकळा’ एवढाच सल्ला तोंडोतोंडी फिरतो. सोडा ॲल्युमिनियमला खातो. भांडं आतून काळवंडतं आणि धातू झिजतो. धुण्याचा सोडा तर त्याच्या जवळही नेऊ नये. इथं आंबट उपाय करायचा. लिंबाएवढा चिंचेचा गोळा पाण्यात कुस्करा, ते पाणी करपलेल्या भागावर घाला, दहा मिनिटं उकळा आणि निवेपर्यंत ठेवा. चिंच नसेल तर लिंबाच्या पिळून टाकलेल्या साली चालतात, उन्हाळ्यात कैरीच्या साली चालतात. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, त्याचा एक चमचाही पुरतो.

याचा पुरावा आपल्याच घरात आहे. येळवसेला शेतावर न्यायची भज्जी मोठ्या ॲल्युमिनियमच्या भगुन्यात होते. तिच्यात चिंच सढळ हातानं पडते आणि बेसनामुळं ती बुडाला लागतेही. पण दुसऱ्या दिवशी त्या भगुन्याच्या आत नीट बघा. जिथपर्यंत भज्जी होती तिथपर्यंत भांडं पांढरंशुभ्र असतं आणि त्यावर जुना काळसर रंग तसाच असतो, मध्ये सरळ रेघ मारल्यासारखी. चिंचेतल्या आम्लानं काळा थर काढलेला असतो. अर्थात तो काढताना थोडं ॲल्युमिनियमही भाजीत उतरतं. त्यामुळं आंबट पदार्थ अशा भांड्यात शिजवून रात्रभर त्यातच ठेवणं बरं नाही. काम झालं की स्टीलच्या डब्यात काढावेत.

कुकर आतून काळा पडतो तो बोअरच्या पाण्यानं. वरण-भाताचे डबे ठेवताना खालच्या पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा लिंबाची साल टाकली की तो काळा पडतच नाही. आपल्या आयांना हे ठाऊक होतं, मधल्या काळात सवय मोडली. कुकरमध्ये डाळ करपली असेल तर आणखी एक गोष्ट न चुकता करा. झाकणाची शिट्टी काढून तिच्याखालची नळी उजेडाकडं धरून आरपार बघा. डाळीचा फेस तिथं वाळून बसतो आणि वाफेची वाट अडते. सुईनं किंवा पातळ तारेनं नळी मोकळी करूनच पुढच्या वेळी कुकर लावा. काळे, कडक लेप असलेले कुकर मात्र सोडा आणि चिंच दोन्हींपासून लांब ठेवा, त्यांना गरम पाणी आणि साबण बास.

आता सोडा-लिंबाच्या फेसाबद्दल. मोबाइलवर असे उपाय हल्ली रोज येतात: करपलेल्या भांड्यात सोडा टाका, वरून लिंबू पिळा किंवा व्हिनेगर ओता, बघा कसा फेस येतो. फेस येतो हे खरं, आणि बघायलाही छान वाटतं. पण सोडा अल्कली, लिंबू आम्ल. दोघं एकत्र आले की एकमेकांना संपवतात, गॅस उडून जातो आणि मागं खारट पाणी उरतं. सोड्याचाही उपयोग गेला आणि लिंबाचाही. बुडबुड्यांनी एखादा सैल तुकडा हलतो, इतकंच. दोन्ही वापरायचे असतील तर वेगवेगळे वापरा, मधे भांडं विसळा. कांद्याच्या साली उकळण्याचा उपायही खूप फिरतो. त्यात काम करतात ते गरम पाणी आणि वेळ, साली फुकटचं श्रेय घेतात. दात घासायच्या पेस्टनं भांडी चकचकीत करणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, पेस्ट त्यांनी विकत आणलेली असते.

राखेबद्दल लोक हमखास विचारतात. जुन्या पिढीनं आयुष्यभर राखेनं भांडी घासली आणि त्यामागं चांगलं कारण होतं. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ओल्या राखेत ते पाण्यात उतरतात आणि तेलकटपणावर सोड्यासारखंच काम करतात. शिवाय राख बारीक, घासायला मऊ. गावाकडं चूल असेल तर लाकडाची किंवा गोवरीची राख वस्त्रगाळ करून खुशाल वापरा. खडे राहिले तर स्टीलवर ओरखडे येतात, म्हणून चाळणं महत्त्वाचं. ॲल्युमिनियमला राखेचंही तेच, ती त्याला काळवंडवते.

पण राख म्हणजे सगळी राख नव्हे. आपल्या उशाशी परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथल्या राखेच्या विटा होतात, रस्त्याच्या भरावालाही ती जाते, आणि ती करड्या पिठासारखी इतकी मऊ असते की कोणालाही वाटावं, भांड्यांना काय वाईट? वाईट आहे. ती दगडी कोळशाची राख. लाकडाच्या राखेतला उपयोगी क्षार तिच्यात फारसा नसतो, आणि शिसं, आर्सेनिक यांसारखे घटक अंशानं का होईना असतात. ती श्वासातून छातीत जाते ते वेगळंच. विटांसाठी आणलेली राख मोरीत आणू नका. तसंच रंग दिलेली लाकडं, प्लायवूड किंवा प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राखही भांड्यांना लावू नका.

भाकरीच्या तव्याचे नियम सगळ्यांपेक्षा निराळे. लोखंडी तव्यावर बसलेला काळा गुळगुळीत थर मळ नव्हे, तो वर्षानुवर्षं तापलेल्या तेला-पिठाचा लेप आहे आणि त्याच्यामुळंच भाकरी तव्यावरून सुटते. नवी सून आली की तवा घासून लख्ख करते आणि मग दोन आठवडे भाकऱ्या चिकटतात, हे कित्येक घरांत घडलेलं आहे. सुनेचा दोष नाही, सांगणारं कोणी नसतं. तव्यावर धपाटं लागलं, थालीपीठ जळलं तर तवा गरम असतानाच मूठभर जाडं मीठ टाकून जाड फडक्यानं घासा. चिकट असेल तर थोडं पाणी ओतून उकळी आणा, उलथन्यानं खरवडा, लगेच पुसा आणि शेगडीवर ठेवून कोरडा करा. मग तेलाचं बोट फिरवा. लोखंड कधीच रात्रभर पाण्यात ठेवायचं नाही आणि त्यात चिंच-लिंबू भिजवायचं नाही. सकाळी गंजलेला तवा हातात येतो. सुरुवातीला सांगितलेला भिजवायचा नियम इथं उलटा होतो, हे विसरू नका.

पितळ आणि तांब्याला बाहेरून चिंच-मीठ किंवा आंबट ताक. हे सगळ्यांनाच येतं. आतून कल्हई असेल तर मात्र जपून. कल्हई कथलाची असते आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं जाळावर ठेवलं की कल्हई गोळा होऊन येते. आत काही लागलं तर कोमट पाण्यात भिजवा आणि हातानं किंवा मऊ फडक्यानं काढा. तार नाही, राख नाही. कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, तोंडाला तुरट चव येते, आणि असं कळकलेलं अन्न टाकूनच द्यावं. पूर्वी नवसागराचा वास आला की गल्लीत कल्हईवाला आल्याचं कळायचं. आता तो शोधावा लागतो, पण मोठ्या बाजाराच्या गावात सापडतो.

नॉनस्टिकबद्दल दोनच गोष्टी. ते रिकामं तापत ठेवू नका, २६० अंशांच्या वर त्याचा लेप बिघडायला लागतो आणि धूर अपायकारक असतो. आणि काही लागलंच तर कोमट पाणी, थोडा सोडा, मऊ फडकं. लेपाचे पोपडे निघायला लागले की ते भांडं स्वयंपाकातून बाद करा, कितीही महागाचं असलं तरी.

स्टीलवर जाळानं निळसर-जांभळट झाक येते, ती लिंबाच्या फोडीनं जाते. न गेली तरी बिघडत नाही. स्टीलच्या भांड्यात गार पाण्यात मीठ टाकून भिजत मात्र घालू नका, तळाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते पुन्हा भरत नाहीत.

भांड्याच्या बाहेरच्या काळेपणाबद्दल माझं मत थोडं रोखठोक आहे. बाहेरचा थर अन्नाला लागत नाही. फळीवर मांडलेल्या भांड्यात चेहरा दिसला पाहिजे हा हट्ट कोणाच्या तरी बोटांवर चालतो. चुलीवरच्या काजळीचं म्हणाल तर ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांकडून शिकावं. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबं फडावर जातात, कोपीपुढं तीन दगडांची चूल मांडतात. भांडं चुलीवर चढवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवायचा. काजळी मातीवर बसते, भांडं उतरवून पाणी लावलं की मातीबरोबर निघून जाते. पहाटे फडात पोचायचं असतं, भांड्यापाशी बसायला वेळ कोणाला आहे?

काही गोष्टी मात्र अजिबात करू नका, आणि हे मी विनवून सांगते. संडास साफ करायचं ॲसिड भांड्याला लावू नका. ते स्टीलला खातं, ॲल्युमिनियमला तर फारच. ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड, लिंबू किंवा व्हिनेगर मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत जीव गुदमरतो. कॉस्टिक सोडा, म्हणजे दाहक सोडा, आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या एकाच फळीवर ठेवू नका, दोन्ही पांढरेच दिसतात. असली रसायनं पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय तर आजच्या आज मोडा. तहानलेलं लेकरू बाटली बघतं, आतलं बघत नाही. चुकून कोणी प्यालंच तर उलटी करायला लावू नका, वर येताना ते दुसऱ्यांदा घसा जाळतं. तोंड धुवा आणि तडक आपल्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्या. बाटली बरोबर न्या, डॉक्टरांना काय प्यालं ते कळायला हवं.

तारेच्या घासणीचाही शेवटचा हिशोब करून टाकू. तिचे बारीक तुकडे सुटतात, भांड्याच्या कडेत अडकतात आणि भाजीतून घशात जातात. ठेवायचीच असेल तर पातेल्याच्या बाहेरच्या बुडासाठी ठेवा, आणि तुटायला लागली की टाकून द्या. काथ्या नारळाबरोबर फुकट येतो. घोसाळ्याचा वेल कुंपणावर चढवला तर एक-दोन फळं वाळू द्यायची, वर्षभराच्या घासण्या निघतात.

शेवटची गोष्ट ज्यांच्या घरी भांडी घासायला मावशी येतात त्यांच्यासाठी. मावशी सकाळपासून चार-पाच घरं करतात. प्रत्येक घरात एक करपलेलं भांडं निघालं, आणि ते रात्रभर कोरडंच पडलेलं असलं, तर त्यांच्या बोटांचं काय होत असेल? थंडीत मीठ लागलं तरी झोंबतं अशा भेगा पडलेल्या असतात. करपवलं आपण, खरवडायचं त्यांनी, आणि वर ‘मावशी, डाग राहिला हो’ हेही आपणच म्हणायचं. त्यापेक्षा रात्री झोपण्याआधी भांडं भिजत घाला. आत सोडा आहे की चिंच, हे सकाळी त्यांना सांगा. रबरी हातमोजे आणून ठेवा, पण ते त्यांच्या मापाचे आणा. आणि सकाळीही थर सुटला नसेल तर म्हणा, ‘राहू द्या मावशी, आजचा दिवस भिजू द्या, उद्या बघू.’